एक नख कोरं ठेव

सकाळी सहापासून स्वयंपाकघरात मुलगी रंगवायचं काम चालू होतं. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं, फ्रिजला चादर गुंडाळलेली, आणि मधोमध स्टुलावर घरातली एकुलती एक कन्या, वय वर्षं बावीस, पंख सुकवणाऱ्या पाखरासारखी हात पसरून उभी. गळ्यापर्यंत निळी झाली होती. डोकं तेवढं अजून माणसात होतं.

रंग साधासुधा नव्हता. स्पिरिटात कालवून अंगावर चढवायचा. एकदा वाळला की घामाला दाद देत नाही, पाण्याला देत नाही, आणि डबीवर छापल्याप्रमाणे पाच दिवस हलत नाही. मागच्या वर्षी कॉस्प्लेच्या, म्हणजे सोंगं सजवायच्या, स्पर्धेत तिने साधा रंग लावला होता. मंचावर जाईपर्यंत तो कोपराच्या घडीत फुटला आणि परीक्षकबाईंनी भिंग लावून शेरा लिहिला, 'सागरतळाच्या राणीला माणसाचं कोपर आहे.' तो कागद वर्षभर तिच्या आरशाला चिकटलेला होता. यंदा राणीच्या अंगावर माणसाचा ठिपकाही सापडणार नव्हता.

अडलं होतं एका नखापाशी.

"डाव्या हाताचं मधलं बोट," आई म्हणाली. "एक नख कोरं ठेव. मग बाकीची निळी कर, जांभळी कर, मला काही नाही."

आईने पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली होती. नखं रंगवून आलेला पेशंट तिने कधी टेबलावर चढू दिला नाही. भूल दिलेला माणूस तोंडाने बोलत नाही, श्वास कमी पडला की निळ्या होणाऱ्या नखाने बोलतो, ओठाने बोलतो, बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या चिमटीतून बोलतो. आणि ह्या मुलीला चौथ्या वर्षापासून दमा होता.

"अगं आई, दहा निळी नखं असलेल्या राणीचं नऊच नखांवर भागवलं तर लोक विचारतील दहावं कुठे गेलं, मग मी काय सांगू, आईकडे गहाण ठेवलंय म्हणून?"

"दम चांगला आहे," बाबा खुर्चीवर बसून राणीची फोमची शेपटी चिकटवत होते, तिथूनच म्हणाले.

हे काही कौतुक नव्हतं, ती तपासणी होती. ह्या घरात श्वास मोजायची ही जुनी रीत. पोरगी एका दमात अख्खं भांडण पुरं करते, म्हणजे छाती मोकळी. वाक्याचे तीन तुकडे झाले की पंप काढायचा. एकाच शब्दावर आली की गाडी काढायची. त्यामुळे उलट उत्तर दिलं म्हणून तिला घरात कधी कोणी रागावलं नाही. त्याचे परिणाम पुढे तिच्या शिक्षकांनी भोगले.

शेवटी नख कोरं राहिलं. आईने डोळ्यादेखत त्यावर चिकटपट्टी गुंडाळली.

स्पर्धेचं सभागृह मोठं होतं आणि स्पर्धकांची जागा मंचामागे, काळ्या पडद्याच्या आड. तिथेच कोपऱ्यात धूर सोडायचं यंत्र. प्रत्येक स्पर्धक मंचावर निघाला की ते फुसकन पांढरा ढग सोडायचं. त्यातला अर्धा मंचावर जायचा आणि अर्धा, कोणी आग्रह केला नसताना, मागेच मुक्काम करायचा. राणीचा नंबर नववा. मंचावर सातवा चालू होता.

आईने तिच्याकडे पाहिलं. खांदे श्वासाबरोबर वर येत होते. जरासेच.

"हात दे."

"काही नाही गं. टेन्शन आहे... फक्त."

"हात दे म्हटलं."

मधल्या बोटाचं नख निळंशार होतं.

"हे कधी?"

"गाडीत."

"अहो, तुम्ही शेजारी होतात ना?"

"मला वाटलं नखं खातेय," बाबा म्हणाले.

आईने पर्समधून चिमटी काढून त्या बोटाला लावली. आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा. दुसरं बोट, त्याच रेघा. स्पिरिटचा बोळा काढून नख घासलं, तेव्हा ते गडद निळ्याचं फिकट निळं झालं. रंगाच्या जाहिराती आयुष्यभर खोट्या निघतात. ही नेमकी आज खरी निघाली होती. चिमटीने सत्त्याण्णव दाखवले, लगेच एकाहत्तर, मग पुन्हा रेघा.

"जीभ दाखव."

जीभ मुळापर्यंत निळी. खाण्याचा रंग, तोही तिनेच लावलेला. खालची पापणी ओढून पाहिली तर आतल्या कडेला लाल रेघ भरलेली. पायाची बोटं बुटात, बूट मांडीपर्यंत चिकटवलेले. कानांवर माशाचे कल्ले. छातीची शिट्टी ऐकावी तर चिलखताचा जाड फोम, आणि वर लाउडस्पीकर. पस्तीस वर्षांच्या विद्येला वाचता येईल असं एकही अक्षर पोरीने अंगावर शिल्लक ठेवलं नव्हतं.

पलीकडे टाळ्या झाल्या. "क्रमांक आठ!" निवेदक ओरडला. यंत्र फुसफुसलं.

"भांड माझ्याशी," आई म्हणाली.

"काय?"

"भांड. एक वाक्य बोल, मोठं."

"आत्ता नको... आई. आवाज... राखून ठेवतेय."

आवाज राखतेय की आवाज उरलाच नाही, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून आईने कळ काढली. "हा मुकुट काही जमलेला नाही. मागच्या वर्षीचा बरा होता."

राणीने नुसतं पाहिलं.

"आणि हे कल्ले म्हणजे कानाला फुलकोबी बांधल्यासारखे दिसतात."

काही नाही. खांदे वर, खाली. आता गळ्याच्या खालचा खड्डा दर श्वासाला आत ओढला जात होता, की निळ्यावर मारलेली गडद छटाच तशी दिसत होती? ती छटाही आईसमोरच मारलेली.

बाबांनी शेपटी खाली ठेवली. "परीक्षकबाईंना मागच्या वर्षी कोपर दिसलं, त्यात त्यांची चूक नव्हती हं."

हा दारूगोळा घरात वर्षभर कोणी वापरला नव्हता. एरवी ह्यावर छप्पर उडालं असतं. राणीने ओठ उघडले, आणि नुसतेच मिटले.

आईच्या हाताशी शेवटचं अस्त्र उरलं होतं. चुकलं असतं तर वर्षभराची मेहनत मातीत, आणि पोरीने जन्मभर तोंड पाहिलं नसतं.

"चल घरी."

"बरं," मुलगी म्हणाली.

बावीस वर्षांत ह्या पोरीने 'बरं' म्हटलेलं तिला आठवत नव्हतं.

"अहो, धरा तिला!"

पंप, पंपाची नळी, एक दाब, मोजून श्वास, दुसरा दाब, असे चार. बाबांनी एका काखेत राणी आणि दुसऱ्या काखेत, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, शेपटी घेतली. प्रथमोपचाराच्या खोलीतल्या तरुण डॉक्टरने दारात पाहून हसून मान डोलावली. "वा! काय मेकअप आहे!"

"दम्याचा झटका आहे," आई म्हणाली. "पंप चार वेळा दिलाय. एका शब्दावर आलीय. चिमटी रंगामुळे चालत नाही."

डॉक्टरचं हसू मावळलं. "रंगावरून तर काहीच..."

"रंगाकडे बघूच नका. चिलखत कापा आणि छाती ऐका."

त्याने ऐकली. मग मात्र त्याचे हात भराभर चालले. ऑक्सिजन आला, औषधाच्या वाफेचा मास्क आला, फोन करून रुग्णवाहिका दाराशी उभी करून घेतली. बाहेरून नववा नंबर पुकारल्याचं ऐकू आलं. परत पुकारला. तिसऱ्यांदा पुकारला तेव्हा मुलीने डोळे मिटून घेतले आणि निळ्या गालावरून पाणी ओघळलं. रंग हलला नाही.

आई तिच्या शेजारी बसून श्वास मोजत राहिली. मिनिटाला अडतीस. सदतीस. पुन्हा अडतीस. बाबा भिंतीला टेकून शेपटी उराशी धरून उभे. दुसऱ्यांदा औषध भरलं. चौतीस. एकतीस.

बऱ्याच वेळाने मास्कखालून शब्द आला. "नंबर?"

"गेला," आई म्हणाली.

"तुझ्या... मुळे."

"अजून बोल."

"तुझ्यामुळेच गेला."

डॉक्टर मध्ये पडायला आला, "त्यांना बोलायला लावू नका..." बाबांनी त्याचा दंड धरला. "थांबा डॉक्टर. रिपोर्ट येतोय."

सव्वीसवर आली आणि तिने मास्क हाताने बाजूला केला.

"मागच्या वर्षीचा मुकुट बरा होता म्हणालीस ना, तर मागच्या वर्षी तोच मुकुट बघून तू म्हणाली होतीस की चहाची गाळणी उलटी घातल्यासारखा दिसतो, आणि फुलकोबी म्हणालीस ते तर मी कधीच..."

"श्वास घे गं मध्ये," बाबा म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका, तुमचा कोपराचा हिशोब वेगळा आहे!"

आईने चष्मा पुसला. चिमटी मिटून पर्समध्ये टाकली, मास्क परत तिच्या तोंडावर बसवला, आणि त्याच्या आतून पुढचं अख्खं भाषण शेवटच्या शब्दापर्यंत नीट कान देऊन ऐकलं.