जामीनपेटीच्या पोटातली दुमड

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच ती गोष्ट आहे. मी एक जुनी लोखंडी पेटी आहे आणि हात नसताना, पाय नसताना, मी एकटीने निदान दोन हजार माणसे तुरुंगातून बाहेर काढली आहेत.

आज मी खडकीतल्या तुमच्या शाळेत, वाचनालयाच्या दाराशी असते. तुम्ही वाचून झालेली पुस्तके माझ्यात टाकता. चॉकलेटचे कागदही टाकता, ते असो. पूर्वी मी पुण्यातल्याच एका तुरुंगाच्या दाराबाहेर होते. कोणत्या, ते विचारू नका. सरकारी नोकरीत राहिलेल्यांना पोटातले सांगायची सवय नसते.

माझा जन्मही तुरुंगातलाच. आतल्या कारखान्यात जन्मठेप भोगणाऱ्या एका लोहाराने मला घडवले. पत्रा असा जाड, की माझ्या अंगावरून एकदा हत्ती गेला आणि लंगडला तो हत्तीच. बरे, हत्ती नसेल, ट्रक असेल. मजबुतीसाठी त्या लोहाराने माझ्या पोटात, मागच्या बाजूला, पत्र्याची एक दुमड ठेवली. ही दुमड लक्षात ठेवा.

तुरुंगात दोन तऱ्हेची माणसे असतात. एक शिक्षा लागलेली आणि दुसरी खटला अजून चालू असलेली. या दुसऱ्यांना कच्चे कैदी म्हणतात आणि बराकींत दाटी होते ती त्यांचीच. कोर्टाने अशा कुणाला जामीन दिला की सुटकेचा हुकूम निघे, आणि तो कागद माझ्याच तोंडात पडावा लागे. हवालदाराच्या हातात देऊन चालत नसे, साहेबांना दाखवून चालत नसे. संध्याकाळी पाचला माझे कुलूप निघे. त्या वेळी ज्याचा कागद माझ्या पोटात, तो माणूस त्या दिवशी घरी. पाच वाजून एक मिनिटाने आलेला कागद दुसऱ्या दिवसाचा. कारण मग आत गिनती होई, म्हणजे माणसे मोजून बराकी बंद करत, आणि एकदा जुळलेला आकडा कुणासाठी बदलत नसत.

माझी चावी बापूराव हवालदारांकडे होती. ते कागद काढत, मग माझ्या पाठीत तीन धपाटे घालत आणि हात कोपरापर्यंत आत घालून चाचपत. कुणी हसले तर म्हणत, "सरकारी पेटी आहे. काहीतरी दाबून ठेवणारच." त्या दिवसांत माझा फार मान होता. कागद टाकणारी माणसे मला हात जोडत. एका बाईने तर मला हळदकुंकू वाहिले होते. हे मात्र खरे आहे.

बापूराव निवृत्त झाले आणि संजय हवालदार आले. जाताना बापूरावांनी चावी दिली, रजिस्टर दिले. धपाटे कुठल्याच यादीत नव्हते, ते द्यायचे राहिले. संजय वाईट माणूस नव्हता. तीन माणसांचे काम एकट्यावर होते, दार, कैद्यांच्या घरच्यांच्या मुलाखती आणि गिनती, त्यामुळे तो कायम घाईत असे. माझा रंग उडाला, पाठ गंजली, कुणी पाहिले नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीआधी कोर्टाचा शेवटचा दिवस होता. खराडीतल्या एका ऑफिसचा रखवालदार उत्तरेश्वर, चोरीच्या आरोपावरून अकरा महिने आत होता. खटल्याला अजून सुरुवातही झाली नव्हती. साडेचारला त्याच्या वकिलांनी जामिनाचा हुकूम माझ्यात टाकला आणि ते निघून गेले. त्याची बायको मुक्ताई समोरच्या झाडाखाली बसून हे बघत होती. शेजारी सात वर्षांची मुलगी, तिच्या मांडीवर स्टीलचा डबा. आई तिला पुन्हा पुन्हा सांगत होती, वल्लरी, डबा हलवू नकोस, बाबांच्या करंज्या मोडतील.

पाचला संजयने सात कागद काढले आणि मला कुलूप लावले. आठवा दुमडीत अडकला होता.

दारावर सात नावे वाचली गेली. मुक्ताई पुढे आली. वकीलसाहेबांनी माझ्यादेखत टाकलाय, तेवढं एकदा परत बघता का, असे तिने हळूच विचारले. आतून गिनतीची हाक आली होती.

"अहो ताई, पेटीत नाही म्हणजे नाही," संजय म्हणाला. "मी काय छापून देऊ?"

आता नवी प्रत मिळायची तर कोर्ट उघडल्यावर. मुक्ताई परत झाडाखाली जाऊन बसली. मुलीने डबा हलवला नव्हता.

आणि मित्रांनो, तेव्हा मी खोकले. असे खोकले, की तुरुंगाचे दोन दरवाजे, जे कधीही एका वेळी उघडत नाहीत, ते एकदम उघडले. दुमडीतला कागद सुटला, कुलपाच्या भोकातून उडाला आणि संजयच्या टोपीवर जाऊन बसला. त्याने वाचला, मला सलाम ठोकला. दहा मिनिटांत उत्तरेश्वर बाहेर. पहिली करंजी त्याने तिथेच, उभ्याउभ्या खाल्ली.

पुढे हुकूम संगणकावरून येऊ लागले, मला भंगारात काढले आणि तुमच्या वाचनालयाच्या सुशीलाबाईंनी मला इथे आणले. माझे एवढेच मागणे आहे. माझ्यातून काही काढाल तेव्हा वरवर काढू नका. पाठीत धपाटे घाला, हात पार आतपर्यंत...

माझे वाक्य तिथेच राहिले. मागे बसलेली एक मुलगी उठून माझ्यापाशी आली. तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि बोटांनी दुमड चाचपली. बराच वेळ चाचपली. हात बाहेर आला तेव्हा त्यात घडीचा एक पिवळा कागद होता. तिने तो उलगडला आणि वरचे नाव वाचले.

"खोटं आहे हे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "बाबा त्या दिवशी आलेच नाहीत. दिवाळी संपल्यावर आले. तोवर मी कुणाला एक करंजी खाऊ दिली नव्हती. सगळ्या मऊ पडल्या होत्या."