पायाखालचा कापूस

चौतीस वर्षांत बाइंडरबाईंनी एकही पुस्तक उलटं शिवलं नव्हतं. मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात त्यांची खोली होती. एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. एक लांब टेबल, एक लोखंडी दाबयंत्र, पुठ्ठ्यांच्या चळती आणि गव्हाच्या खळीचं भांडं. वर वाचक पुस्तकं फाडायचे, खाली बाई ती शिवायच्या. "फाडा, खुशाल फाडा, आम्ही बसलोय इथे," असं त्या मोठ्याने म्हणायच्या, कारण ऐकायला खोलीत दुसरं कुणी नव्हतंच.

त्या सोमवारी ग्रंथपाल स्वतः जिना उतरून आले. हातात गेल्या आठवड्यातच वर गेलेला जाडजूड शब्दकोश. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि मधोमध उघडला. सोळा सोळा पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, एकावर एक रचून पुस्तक शिवतात. इथे सातवा फर्मा सहाव्याच्या आधी बसला होता, आणि तोही खाली डोकं वर पाय.

"बाई, हे तुमच्या हातचं वाटत नाही हो," ग्रंथपाल म्हणाले.

ते रागावले असते तर परवडलं असतं. बाईंनी त्यांना दोन शब्द सुनावले असते आणि दिवस बरा गेला असता. पण ते काळजीने बोलले, "तब्येत ठीक आहे ना?" असंही विचारून गेले, आणि बाईंची पाचावर धारण बसली.

कारण शब्दकोश ही काही पहिली गोष्ट नव्हती. गेले पाच-सहा महिने बोटांची टोकं बधिर झाली होती. सुई टोचलेली कळायची नाही, कागदावर लाल ठिपका दिसला की मग कळायचं. शेजारच्या, जिन्यावर वीस वर्षं भेटणाऱ्या बाईचं नाव एक दिवस आठवेना. किटली गॅसवर ठेवून त्या दोनदा कामाला निघून आल्या होत्या. वय म्हणावं तर छप्पन्न. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण साठीला अजून चार वर्षं होती.

हे काय आहे ते आपल्याला माहीत आहे, असं बाईंना वाटत होतं. आईचं असंच झालं होतं. शेवटची चार वर्षं आई त्यांच्याकडे होती. आधी तिची माणसांची नावं गेली, मग कुठली खोली कुठे ते गेलं, मग लेकही गेली. "तुम्ही फार चांगल्या आहात हो, तुमच्या आईला भाग्यवान म्हणायला हवं," असं ती एकदा बाईंनाच म्हणाली होती. डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन तरण्या पोरीसारखं. मग करणार काय?

आणि तो कापूस. सकाळी उठून पाय जमिनीवर टेकले की आई म्हणायची, "चिमे, अगं पायाखाली कुणी कापूस पसरलाय? उचल ना." पहिल्यांदा बाईंनी तिला समजावलं. मग चिडून पाहिलं. शेवटी त्या वाकून दोन्ही हातांनी जमिनीवरचं काहीही नसलेलं गोळा करायच्या आणि खिडकीतून बाहेर टाकायच्या. "गेला बघ," म्हटलं की आई भिंत धरून, पाय आपटत आपटत न्हाणीघरापर्यंत जायची. वेड्या माणसाशी वेडं व्हावं लागतं, असं बाई तेव्हा म्हणत.

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता आपली पाळी, हे बाईंनी मनात धरलं होतं. मरणाला त्या भीत नव्हत्या. पण आईला निदान कापूस उचलून टाकणारं कुणी होतं. आपला कोण उचलणार? लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, एक दादा आहे तो दूरच्या गावी. या एका प्रश्नाने त्यांना रडू यायचं, आणि रडताना त्या पाणी पिण्याचं निमित्त करायच्या. घरात दुसरं कुणी नसताना निमित्त कुणासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

बाईंच्या खाण्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यापाशीच येतं. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत त्या चामड्याची बांधणी करत, सरस उकळत. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा डिंक, हे त्यांना माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. एक दिवस नवीन आलेल्या कातड्यावर जनावराला डागलेला नंबर दिसला. चार आकडे, स्पष्ट, ग्रंथालयाच्या पुस्तकांवर असतात तसे. बाईंनी कातडं घडी करून परत पाठवलं. मग सरस सोडला, खळ धरली. मग मांस, अंडी, शेवटी दूध आणि मधसुद्धा. घेतला वसा टाकायचा नाही हा स्वभावच. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट एवढंच की बाईंना वाद घालायला फार आवडायचं, आणि वाद जिंकायला त्याहून जास्त.

फ्रिजवर त्यांनी एक तक्ता चिकटवला होता. शाळेच्या वेळापत्रकासारखा, पट्टीने रेघा मारलेला. लोह कशातून, कॅल्शियम कशातून, प्रथिनं कशातून. पालेभाज्या, कडधान्यं, तीळ, अक्रोड, सोयाचं दूध, सगळं जिथल्या तिथे. एका चौकटीत, बी-ट्वेल्व्हच्या पुढे, फक्त 'बघू' असं लिहिलेलं होतं.

आईला सोडायला दादा आला, तेव्हा तो तक्ता वाचत बराच वेळ उभा राहिला होता. त्याने पिशवीतून एक बाटली काढली.

"हे कशातूनच मिळत नाही म्हणे तुमच्या खाण्यात. पेपरात आलं होतं. आईला रोज एक कॅप्सूल दे."

बाईंनी बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. "कवच जिलेटिनचं आहे. सरसच तो, वेगळ्या नावाचा."

"मग तू नको घेऊस. आईला दे. आणि रात्री कपभर दूध देत जा तिला, सवय आहे तिची."

"माझ्या घरात दूध येणार नाही, दादा. आणि गाय काय खाते? गवतच ना? ती धडधाकट असते की."

वाद बाईंनी जिंकला. बाटली त्यांनी कपाटात वरच्या फळीवर, साखरेच्या डब्याच्या मागे ठेवली. कवच नसलेल्या गोळ्या मिळाल्या की त्या आणू, असं तेव्हा खरोखरच मनात होतं. आई पहिले काही दिवस रात्री कप घेऊन बसायची. मग तिने सोयाचं दूध मुकाट्याने प्यायला सुरुवात केली.

शब्दकोश उसवून पुन्हा शिवायला बाईंना तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी त्या डॉक्टरकडे गेल्या.

डॉक्टर म्हणजे अगदीच तरुण मुलगी होती. आईच्या विसरण्याचं बाईंनी तिला आल्या आल्या सांगून टाकलं. तिने बाईंना जीभ दाखवायला सांगितली, डोळे मिटून उभं केलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मग नादकाटा, म्हणजे आपटला की थरथरत राहणारा लोखंडी चिमटा, टेबलावर आपटून घोट्याच्या हाडावर टेकवला.

"थरथर जाणवते?"

"कसली थरथर?"

मुलीने चिमटा मनगटावर टेकवला, तेव्हा बाई दचकल्या. मुलीने रक्त काढून घेतलं. खाण्यापिण्याचं विचारलं, तेव्हा बाईंनी तक्ता तोंडपाठ म्हणून दाखवला.

शनिवारी रिपोर्ट आला. शिक्षा ऐकायला जावं तशा बाई गेल्या. बरोबर एक पिशवी होती, तिच्यात पांघरूण आणि टूथब्रश, कारण आपल्याला तिथूनच कुठेतरी ठेवतील असं त्यांनी धरलं होतं. हसू येईल, पण एकट्या माणसाला सगळी तयारी आपली आपणच करावी लागते.

"आईचा आजार नाही हा," मुलगी म्हणाली. चक्क हसत होती. "बी-ट्वेल्व्ह जवळजवळ संपलंय तुमच्या अंगातलं. इंजेक्शनं घ्यायची, मग रोज एक गोळी, जन्मभर. आठवण, बोटं, सगळं सुधारेल."

"म्हणजे मी विसरणार नाही?"

"किटली विसराल. ती सगळेच विसरतात."

बाईंना एकदम हलकं वाटलं, पोटात भूक लागल्याचंही जाणवलं. "मग माझं खाणं सोडायला लागेल?"

"कशाला? छान खाता तुम्ही. एवढी एकच गोष्ट राहिली. कॅप्सूल नको असेल तर साधी चघळायची गोळी मिळते, जनावरातलं काही नसलेली. खालच्या दुकानात सुद्धा असते." तिने चिठ्ठी लिहायला घेतली. "वेळेवर आलात हो. आणखी वर्षभर काढलं असतंत ना, तर पाय टेकला की कापसावर पडल्यासारखं वाटायला लागलं असतं. मग तोल जातो, माणूस पाय आपटत चालतो."

बाईंनी खुर्चीचा हात धरला. धरल्याचं बोटांना नीट कळलं नाही.

"काय म्हणालात? कापूस?"

"बरेच पेशंट तसंच सांगतात."

मग बाईंनी बाकीचं सांगितलं. आईचं वय, चार वर्षं, सोयाचं दूध, कापूस. मुलीचं हसू गेलं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या पोटाला हे आधीच नीट घेता येत नाही, ती म्हणाली, मग ते लवकर संपतं. हिमोग्लोबिनवर जाता येत नाही. भरपूर पालेभाज्या असल्या की रक्त चांगलं दिसत राहतं आणि आत नसा खराब होतात.

"मग आईचं ते हेच होतं?"

"आता कसं सांगणार मावशी? असेल. नसेल. दोन्ही असतील. तपासायला हवं होतं."

पिशवी घेऊन बाई घरी आल्या. स्टूल ओढलं, वरची फळी चाचपली. साखरेच्या डब्याच्या मागे बाटली होती. झाकणाचं सील जसंच्या तसं. बाईंनी ती टेबलावर ठेवली आणि समोर बसून राहिल्या. वाद कुणाशी घालायचा? जिंकणारीही त्याच, हरणारीही त्याच. आई रात्री कप घेऊन बसलेली त्यांना दिसत होती. पोरीच्या घरी मागायचं कसं, म्हणून ती नुसती कप घेऊन बसायची.

रविवारी सकाळी दहाला दादाचा फोन यायचा. कशी आहेस, बरी आहे, जेवण होतं ना, होतं, चल ठेवतो. दोन मिनिटांत उरकायचं. बाटली उघडलीच नाही हे या जगात आपल्याशिवाय कुणालाच माहीत नाही, असं बाई धरून होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती झाकलेलीच राहिली असती. नुसतं इंजेक्शन चालू आहे एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं.

फोन वाजला. पलीकडे नळ चालू होता, दादा भांडी घासत असणार. वहिनी गेल्यापासून तोही एकटाच होता.

"कशी आहेस?"

"दादा, मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस."

त्यांनी सांगितलं. उलटा फर्मा, चिमटा, रिपोर्ट, डॉक्टर मुलीचा कापूस. "तू आईसाठी दिलेली बाटली मी उघडलीच नाही. दुसऱ्या गोळ्या आणते म्हटलं आणि राहून गेलं. चार वर्षं राहून गेलं, दादा."

नळ बंद झाला. बाई शिव्यांची वाट बघत होत्या. शिव्या आल्या असत्या तर त्यांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या असत्या.

"मला माहीत आहे," दादा म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"दुसऱ्या वर्षी मी आलो होतो ना आईला बघायला. तू कामावर होतीस. चहा करायला साखर शोधली. डब्यामागे बाटली होती. सील तसंच होतं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, एवढा पुळका आहे तर घेऊन जा तिला." पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "आणि मला न्यायचं नव्हतं, चिमे. ती रात्रभर दारं उघडायची, तुझ्या वहिनीला जमत नव्हतं, मलाही नको होतं. मी बाटली मागे ढकलली आणि कपाट लावून घेतलं."

टेबलावरची बाटली बाईंनी हातात घेतली होती. ती त्यांनी खाली ठेवली. रागवावं असं त्यांना वाटलं आणि राग येईना. आई होती तेव्हाही आणि ती गेल्यावर दोन वर्षं फोनवरही, दोघं एकच गोष्ट लपवत होते, तीही एकमेकांपासून.

"सकाळी उठली की पायाखाली कापूस आहे म्हणायची," बाई म्हणाल्या.

"हो. त्या दिवशी मलाही म्हणाली."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? वाकलो, आणि उचलल्यासारखं केलं."