शिंपल्यांची बादली

तेलीबांधा तळ्याजवळच्या फ्लॅटच्या बाल्कनीत वनमालाबाई एका बादलीत शिंपले ठेवायच्या. तळ्याच्या चिखलातून हातानं चाचपून काढलेले, जिवंत. रविवारी खारून नदीच्या काठी बसून ते चाकूनं उघडायचे आणि आतलं मांस गळाला लावून वरून दोरा गुंडाळायचा, नाहीतर पाण्यात पडताच ते निसटतं. हे त्यांना रेल्वेत असलेल्या नवऱ्यानं, यशवंतरावांनी शिकवलं होतं. ते वारले तरी बाईंनी मासे धरणं सोडलं नाही.

त्या शनिवारी मुलाचे, अश्विनचे साहेब बायकोसोबत जेवायला येणार होते. सकाळी वनमालाबाई देवळात गेल्या, तेवढ्यात अश्विननं बादली नेऊन खालच्या कचऱ्याच्या ड्रमात रिकामी केली.

परत येताना बाईंना ड्रम दिसला. शिंपले उन्हात तोंडं वासून पडले होते, वर माशा घोंगावत होत्या. ना कोणाच्या पोटात गेले, ना गळाला लागले, उगाच मेले. त्या वर आल्या. सून ऋता कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही.

अश्विन म्हणाला, वास येत होता, साहेबांसमोर हे बरं दिसत नाही.

"तुहा बाप हेच करत होता, तवा तू साऱ्या कॉलनीत सांगत फिरे, पप्पाले फिशिंगचा शौक हाय. माह्या हाती गळ आला तं तुले लाज वाटून राहिली?"

"पापा की बात अलग थी, माँ."

बाईंनी भाजीखालचा गॅस बंद केला. काठी, चाकू, रिकामी बादली घेतली आणि ऑटोनं नदी गाठली.

चिखलातले नवे शिंपले उघडताना चाकू सटकून बोट कापलं, तरी त्या थांबल्या नाहीत. उन्हं कलताना मोठा पढिन लागला. लांब मिशांचा तो मासा दात-ओठ खात त्यांनी काठावर ओढला. राग मात्र जागचा हलला नाही. घरी न जाता त्या बीरगावला बहिणीकडे, पद्मिनीकडे गेल्या.

तिथं अश्विनचा फोन आला. साहेब आलेत, तुझ्याबद्दल विचारतायत, काय सांगू?

"सांग, आई मासे माराले गेली."

दुसऱ्या दिवशी ऋताच्या फोनवरून कळलं, त्यानं साहेबांना सांगितलं होतं की आईची तब्येत बरी नाही.

पुढल्या आठवड्यात तो न्यायला आला. पद्मिनीनं चहा ठेवला. बाईंनी त्याला बसवलं, चहा पिऊ दिला. मग म्हणाल्या, "मी बिमार नाही, अश्विन. साहेबाले खरं सांगशील, तवा ये मले न्याले."

त्यानं कप खाली ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली. तो अजून परत आलेला नाही.