विझवलेला दिवा

मी गाडीतला पिवळा दिवा बोलतोय. स्टिअरिंगच्या मागे इंजिनाच्या चित्राचा एवढासा दिवा असतो ना, तोच. आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. काय करणार, भिणं हेच माझं काम. इंजिनात काही बिघडलं की मी घाबरतो, आणि घाबरलो की पेटतो.

कारखान्यात एका बाईंनी किल्ली फिरवून मला क्षणभर पेटवलं, "चालतोय" म्हणाल्या आणि पुढच्या गाडीकडे वळल्या. त्यानंतर कित्येक वर्षं मला तेवढंच काम होतं. किल्ली फिरली की क्षणभर पेटायचं आणि मग गुपचूप बसायचं. सुखाचे दिवस होते हो ते!

या घरात गाडी आई चालवतात. बाबांना चालवता येत नाही, पण दुरुस्तीची भारी हौस. मिक्सर म्हणू नका, पंखा म्हणू नका, शेजाऱ्यांची इस्त्रीसुद्धा उघडून बसतात. लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आणि नेमकं तेव्हापासून माझं दुखणं सुरू झालं. दवाखाना पुलापलीकडे. पुलाच्या चढावर गाडीला बारीकसा हिसका बसायचा आणि मी पेटायचो.

"अहो, तो दिवा परत लागला," आई म्हणायच्या.

"काही नसतं गं. जाईल आपोआप."

आपोआप कसला जातोय! आई आंघोळीला गेल्या की बाबा पाना घेऊन खाली यायचे, बॉनेट उघडायचे आणि बॅटरीची तार काढून ठेवायचे. थोड्या वेळानं परत जोडायचे. मी विझलेला असायचो.

ते किती भयंकर असतं, कसं सांगू तुम्हाला? बिघाडाची आठवण आतल्या एका डब्यात जपलेली असते. तार निघाली की ती पार पुसली जाते. मग मला माणसं आठवतात, पूल आठवतो, पण आपण कशाला घाबरलो होतो ते काही केल्या आठवत नाही. नुसती भीती तेवढी उरते.

आईंनी मला गॅरेजमध्येही नेलं. मेकॅनिकनं त्याचं यंत्र जोडून पाहिलं आणि मान हलवली. "ताई, यात काहीच दिसत नाही. दिवा लागलेला असताना आणा."

"अहो, कधी लागतो, कधी नाही. भुताटकी आहे नुसती," आई म्हणाल्या. बाबा शेजारी उभे राहून भिंतीवरचे टायर बघत होते.

मग तो दिवस आला. लेक तपासणीला निघाली होती. चढाच्या मध्यावर हिसका बसला, मी पेटलो आणि इंजिन बंदच पडलं. गाडी मागं घरंगळली. आईंनी ब्रेक दाबून धरला. मागं भला मोठा ट्रक, हॉर्नचा नुसता कल्ला. लेकीनं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. मी जळत होतो, दुसरं काय करणार? शेवटी एकदाची गाडी सुरू झाली.

घरी आल्यावर सगळे वर गेले. थोड्या वेळानं बाबा एकटेच खाली आले. हातात पाना! माझं धाबं दणाणलं. नको ना बाबा, आज नको, आज मला आठवतंय सगळं! पण मला कुठं बोलता येतं? बॉनेट उघडलं.

"बाबा, काय करताय?" लेक जिन्यात उभी होती.

बाबा गडबडले. "काही नाही गं. दिवा विझवतोय. उगाच तू घाबरतेस."

"म्हणजे इतके दिवस तुम्हीच?" ती कठड्याला धरून खाली बसली. "अहो बाबा, मी दिव्याला नाही घाबरत. गाडी पुन्हा पुलावर बंद पडेल, याला घाबरते."

बाबांनी पाना खिशात घातला. डोळे पुसले आणि म्हणाले, "चुकलंच माझं. तुमची भीती मला बघवत नव्हती गं."

दुसऱ्या दिवशी मी पेटलेलाच गॅरेजमध्ये गेलो. यंत्रानं एका सेन्सरकडे बोट दाखवलं. मेकॅनिकनं इंजिन चालू ठेवून त्याची वायर जरा हलवली आणि इंजिन गपकन बंद. पत्र्याच्या कडेला घासून घासून वायर सोलली होती. चढावर इंजिन जोर लावताना हलायचं आणि ती पत्र्याला टेकायची. त्यानं नवी वायर टाकली आणि पत्र्यापासून लांब बांधली.

आज लेकीला कळा सुरू झाल्यात. आईंनी किल्ली फिरवली. मी नेहमीसारखा क्षणभर पेटलो, तर तिघांनीही श्वास रोखला. मग मी विझलो. बाबा पुढच्या सीटवर बसून एकटक माझ्याकडेच बघतायत.

"अहो, दिव्याकडे काय बघताय? तिच्याकडे बघा," आई ओरडल्या.

पूल आला. मला धडधडतंय. बाबा, मी पुन्हा कधी पेटलो तर मला गप्प करू नका हो, मला काय झालंय ते आधी बघा. मागून लेक कण्हतेय. बाबांनी मागं हात करून तिचा हात धरलाय. इंजिन जोर लावतंय. हिसका नाही. अजून नाही.

चढ संपला.