मशीनची हिंदी

मशीन ‘विज्ञान’ला ‘विद्न्यान’ म्हणालं आणि वर्गात खसखस पिकली.

“आंटी,” पहिल्या बाकावरचा आर्यन म्हणाला, “ये तो बिलकुल आपकी तरह बोल रही है!”

वीणा ठोसर मशीनशेजारीच उभी होती. आधी तिलाही हसू आलं. अंध मुलांच्या या शाळेत ती अधूनमधून मशीन तपासायला यायची, आणि तिच्या अकोल्याच्या हिंदीची मुलं नेहमीच मजा घ्यायची. पण पुढच्या ओळीत ‘चाँद’मधला च आपल्या चांदोबातल्या चसारखा निघाला आणि तिचं हसू मावळलं. काचेखाली पुस्तक ठेवलं की हे मशीन ते मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि त्याची हिंदी आजवर अस्सल लखनौची होती.

“वीणाजी, सोमवार से इम्तिहान हैं,” शुक्ला मॅडम हळूच म्हणाल्या. “बच्चे परचा इसी से सुनेंगे. हँसेंगे या लिखेंगे?”

“ठीक हो जाएगा, मॅडम,” वीणा म्हणाली. कसं होणार, ते तिलाच ठाऊक नव्हतं.

लखनौच्या महानगर भागातल्या ऑफिसात, म्हणजे एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, तिनं पर्ससुद्धा न ठेवता कॉम्प्युटर उघडला. मशीनला बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम बऱ्याच तुकड्यांचा होता. हे तुकडे एका फाइलमध्ये बांधून ठेवायचे. सगळे तिला लायब्ररी म्हणत. तिला हे काम शिकवणारे रमाकांतजी मात्र ‘पेटी’ म्हणायचे. पेटीत काय आहे ते बघायचं, त्यातलं काढायचं, नवं घालायचं, हे सगळं पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक छोटी आज्ञा टाइप करून व्हायचं. ‘ए आर’, मग एक अक्षर, मग पेटीचं नाव.

तिनं यादी मागवली. एकेक नाव खाली सरकलं. ‘अक्षर’ एकदाच दिसलं.

मग सगळं लख्ख कळलं. अमरावतीच्या शाळेसाठी मराठी बोलणारं मशीन हवं होतं. उच्चारांचे नियम वीणानंच लिहिले होते, हौसेनं, रात्रीचा स्वयंपाक नवऱ्यावर, सुजयवर सोपवून. त्या तुकड्याला तिनं नाव दिलं ‘अक्षर’. आणि पेटीत रमाकांतजींचा हिंदीचा तुकडा आधीपासून होता, त्याचंही नाव ‘अक्षर’. दोघं वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहत होते तोवर भांडण नव्हतं. पण पेटी फोल्डर ओळखत नाही, नुसतं नाव ओळखते. नवा ‘अक्षर’ आत आला आणि जुन्याला गुपचूप बाहेर काढून त्याच्या जागी बसला. आणि तीच पेटी इथल्या शाळेच्या मशीनमध्येही गेली होती.

हिंदीचा तुकडा ज्यावरून बनवला, तो मूळ प्रोग्रॅम रमाकांतजींच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरबरोबर केव्हाच गेला होता. तुकडा शाबूत होता म्हणून कुणी हळहळलं नव्हतं. ऑफिसात पेटीची जी जादा प्रत ठेवत, तीही आता नव्या पेटीचीच निघाली.

तिनं मालकांना जाऊन स्पष्ट सांगितलं, “सर, गलती मेरी है.” ते कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, “रमाकांतजी के यहाँ देखिए. शायद कुछ हो.”

रमाकांत श्रीवास्तव अमीनाबादेत राहायचे. वीणा रिक्षातून उतरली आणि कापडाच्या गठ्ठ्यांतून, हातगाड्यांतून वाट काढत त्यांच्या गल्लीत शिरली. हा रस्ता तिच्या पायाखालचा होता. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ती सवड मिळेल तशी यायची. उजवा हात गेला होता, जीभ वळत नव्हती. समजायचं मात्र सगळं.

या माणसानं तिला नोकरी दिली होती. सुजयच्या बँकेच्या बदल्यांमागे गावोगाव फिरण्यात तिची डिग्री ट्रंकेच्या तळाशी जाऊन बसली होती. लखनौला आली तेव्हा मुलगी कॉलेजात होती आणि वीणाला साध्या आज्ञासुद्धा आठवत नव्हत्या. मुलाखतीत तिनं खरंच सांगून टाकलं, की हे सगळं मी विसरलेय. रमाकांतजी म्हणाले होते, “कोई बात नहीं. ये काली खिड़की डराती नहीं है, वीणाजी, बस बोलती कम है.” आणि मग रोज दुपारी शेजारी खुर्ची ओढून बसायचे. वयानं, हुद्द्यानं एवढे मोठे, पण ‘वीणाजी’तला ‘जी’ त्यांनी कधी सोडला नाही. तिच्या हातून चूक झाली की पडद्याकडे बघून म्हणायचे, “अच्छा, तो ये ऐसे भी हो सकता है!”

सरोजभाभींनी दार उघडलं. वीणानं पलंगाशेजारी बसून सगळं सांगितलं. ‘विद्न्यान’ ऐकल्यावर रमाकांतजींचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. एका बाजूच्या ओठानं, पण मनापासून.

“सर, हँसिए मत,” वीणा रडकुंडीला आली होती. “आपका काम मैंने मिटा दिया.”

त्यांनी डावा हात हलवून ते उडवून लावलं आणि कपाटाकडे बोट दाखवलं.

“वो पुराना लैपटॉप?” भाभी म्हणाल्या. “हाय राम, पिछले हफ़्ते कबाड़ी को दे रही थी! इन्होंने पकड़ लिया, छोड़ा ही नहीं.”

लॅपटॉप कुरकुरत सुरू झाला. डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी पासवर्ड टाइप केला आणि तो वीणाच्या मांडीवर सरकवला. पेटी होती. वीणानं ‘ए आर’ टाइप केलं, एक जागा सोडून ‘टी’, आणि एंटर दाबलं. ओळी झरझर सरकल्या. मधोमध ‘अक्षर’.

“है, सर! है!”

‘टी’च्या जागी ‘एक्स’ घालून तिनं तो एवढाच तुकडा पेटीतून काढून घेतला. आता पेन ड्राइव्हवर घालून पळायचं, एवढंच डोक्यात होतं. पण रमाकांतजींनी तिच्या मनगटावर हात ठेवला. लॅपटॉप स्वतःकडे वळवून एकेक अक्षर शोधत त्यांनी तुकड्याचं नाव बदललं. ‘हिंदी-अक्षर’. मग तिच्याकडे बोट केलं.

“हाँ सर. मेरावाला ‘मराठी-अक्षर’. अब दोनों साथ रहेंगे.”

तिला बरंच काही बोलायचं होतं. तुम्ही नसता तर मी आज घरात बसून असते, हे तिनं त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. “सर, आपने मुझे...” एवढंच तिच्या तोंडून निघालं. त्यांनी पुन्हा की-बोर्ड ओढला. काळ्या खिडकीत सावकाश चार अक्षरं उमटली: चहाला हिंदीत म्हणतात ते ‘चाय’, इंग्रजी लिपीत. त्यांनी एंटर दाबलं. अशी कोणतीही आज्ञा अस्तित्वात नाही, असं खिडकीनं कोरडेपणानं कळवलं.

वीणा डोळे पुसता पुसता खळखळून हसली. “भाभी, सर चाय माँग रहे हैं!”

“मशीन से माँग रहे हैं?” भाभी आतून म्हणाल्या. “उसी से बनवा लें!” पण आधण तेव्हाच ठेवलं गेलं होतं.

सोमवारी परीक्षेआधी वीणा शाळेत पोचली. आर्यनच्या हातातलं पुस्तक तिनं काचेखाली ठेवलं. मशीन क्षणभर घुटमळलं आणि म्हणालं, “विज्ञान हमें प्रश्न पूछना सिखाता है.” ज्ञ ग्यसारखा, पुढच्या ओळीतल्या ‘चाँद’चा च ‘चहा’तल्यासारखा, शब्दांना ती लखनवी लय.

“अब मज़ा नहीं रहा,” आर्यन हिरमुसला. शुक्ला मॅडमनी मात्र वीणाचा हात दाबला.

वीणानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकून मशीनच्या तोंडाशी धरला. मशीन पुढचा परिच्छेद वाचत होतं. पलीकडून भाभींचा आवाज आला, “इन्होंने फ़ोन कान से लगा लिया है.” मग गल्लीतला गोंगाट, एका रिक्षाची घंटी, आणि त्या सगळ्याच्या अलीकडे कुणाचा तरी संथ श्वास.

परिच्छेद संपला. वीणानं पान उलटलं आणि फोन तसाच धरून ठेवला.