झऱ्याची जुळी

जीबेकनं बोरसोकांचा, कणकेच्या तळलेल्या गोळ्यांचा, सातवा घाणा काढला आणि झारा कढईच्या काठावर निथळत ठेवला. सातवा महिना होता. जुळ्यांचं पोट शेगडीला लागू नये म्हणून तिला हात लांबवून तळावं लागत होतं. पलीकडच्या खोलीत तिची सासू कालिचा, घरच्यांची अपा, शेजारणींना झऱ्याची गोष्ट चौथ्यांदा सांगत होती. जुळ्यांच्या आनंदात तिनं आज मेंढा कापून अख्खी गल्ली जेवायला बोलावली होती.

गोष्ट दर वेळी सुधारत होती. सकाळच्या गोष्टीत सुनेनं सरोवराकाठच्या त्या पवित्र झऱ्यात तीन बुड्या मारल्या होत्या, आता सात झाल्या. सासूच्या स्वप्नात आधी नुसती पांढरी मेंढी आली होती, आता तिच्यामागून दोन कोकरं चालत होती. बायका हाडं चोखत चोखत खुदाची करणी म्हणत होत्या आणि पुढची वाटी मागत होत्या.

जीबेकनं तो झरा पाहिलासुद्धा नव्हता. ती गेली होती बिश्केकला. मावसबहिणीच्या घरी राहून अकरा दिवस रोज सकाळी स्वतःच्या हातानं पोटात सुई टोचून घेत होती. डॉक्टरीणबाईंनी दोन गर्भ सोडले, दोन्ही रुजले. त्याआधी दोघांच्या तपासण्या झाल्या होत्या. तिच्यात काहीही दोष निघाला नाही. तिच्या नवऱ्याच्या, तालायच्या, अहवालात मात्र मोजण्यासारखं काही नव्हतंच. जे होतं ते डॉक्टरांना सुईनं शोधून काढावं लागलं.

अहवाल वाचून तालाय दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला होता. तिला त्याची कीव आली असती. पण डोळे पुसून झाल्यावर तो म्हणाला, “अपाला कळू देऊ नको. तुला आठ वर्षं सगळे वांझ म्हणतायत, तुला सवय आहे.” त्या दिवसापासून ती त्याच्यापुढे जेवण ठेवायची ते मांजरापुढे बशी सरकवावी तसं. त्याला फरक कळला नव्हता.

सासूबद्दलचा तिचा तिरस्कार निराळा होता, जरा सैल. अडाण्याबद्दल असतो तसा. म्हातारीनं आठ वर्षांत तिला काय काय पाजलं होतं, गळ्यात लांडग्याचा दात बांधला होता, चार बायकांत तिला कोरडी विहीर म्हटलं होतं. दोनदा तिचं सामान बांधून माहेरी धाडायची तयारीही केली होती. बाईला अक्कलच तेवढी, असं म्हणून जीबेकनं ते सगळं गिळलं होतं. मूर्खावर रागवायचं तरी किती.

शेजारची सून अनारा रिकामी थाळी घेऊन आत आली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि तिच्या घरी दुसरी मुलगी बघायला सुरुवात झाल्याचं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिनं थाळी ठेवली, पण ती गेली नाही.

“एजे, बुड्या नक्की किती?” थोरल्या बहिणीला विचारावं तसं तिनं हळूच विचारलं. “मी शनिवारी जातेय. आमच्या सासूबाई म्हणतात, नऊ मारल्या तर आपल्यालाही जुळंच होईल.”

नोव्हेंबर सरत आला होता. नदीनं कडेकडेनं बर्फ धरलं होतं.

“एकही मारू नको,” जीबेक म्हणाली. “न्यूमोनिया होईल, मूल नाही होणार.”

“मग तुम्हाला कसं...?”

“मी बिश्केकला गेले होते, दवाखान्यात. तूही जा. नवऱ्याला सोबत ने आणि आधी त्याची तपासणी करायला सांग.”

“पण दोष माझ्यात आहे.”

“कुणी सांगितलं?”

 अनारा दाराकडे बघत होती. दारात कालिचा उभी होती.

कालिचा आत आली आणि तिनं मागे दार लोटून घेतलं. जीबेक शिव्यांची वाट बघत राहिली. म्हातारीनं फडताळातून पेन्सिल काढली, मिठाच्या पुडीचा कागद फाडला आणि ते जीबेकपुढे ठेवलं.

“दवाखान्याचं नाव लिहून दे तिला. हिच्या डोक्यात राहायचं नाही.” मग अनाराकडे वळून म्हणाली, “आणि माझं नाव कुठं घेऊ नको.”

जीबेकनं लिहिलेला कागद बाहीत खुपसून अनारा निघून गेली.

“तुम्हाला माहीत होतं?” जीबेकनं विचारलं.

कालिचा थाळीत बोरसोक भरू लागली होती. “तेराव्या वर्षी त्याला गालगुंड झालं होतं. ते खाली उतरलं. तीन आठवडे पोराला पाय जवळ घेता येत नव्हते. डॉक्टर तेव्हाच बोलला होता.”

“आणि आठ वर्षं तुम्ही...”

“मग काय पोराची अब्रू घालवू?” म्हातारी म्हणाली. “तू तर परक्याची.” भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं, तसं तिनं ते सांगितलं.

जीबेकनं शेगडी बंद केली. लांडग्याचा दात बांधताना म्हातारीची बोटं तिच्या मानेवर फिरली होती, ती तिला आता आठवली. किती शांत होती ती बोटं. तिनं हात धुतले, पुसले, कमरेचं फडकं सोडून खुंटीला अडकवलं आणि ती बैठकीत गेली.

घरच्या सुनेची जागा दाराशी, चहाच्या समोवारापाशी. जीबेक ती ओलांडून पुढे गेली. दारासमोरच्या भिंतीशी, रजयांच्या चळतीपुढे, मानाच्या पाहुण्यांची बैठक होती. तिथं बसलेल्या दोन म्हाताऱ्या तिचं पोट बघून नकळत सरकल्या. ती मध्ये बसली.

“अगं, मग चहा कोण ओतणार?” कुणीतरी हसून विचारलं.

“अपा ओततील,” जीबेक म्हणाली.

थाळी घेऊन आलेली कालिचा उंबऱ्यावर थांबली. सासू-सुनेची नजरानजर झाली.  मग कालिचानं थाळी खाली ठेवली, गुडघ्यावर हात रोवून ती समोवारापाशी बसली आणि ओतू लागली. प्याला काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ होतो, प्या आणि उठा. मानाच्या माणसाला अर्धाच द्यायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. कालिचानं अर्धा भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. तो हातोहात वर पोचला.

जीबेकनं तो दोन घोटांत संपवला आणि परत पाठवला.