काकूंच्या मुठीतला फ्यूज

दोन हजार सोळा साली, ऐन उन्हाळ्यात, वायरमनकाकांच्या गच्चीवर सोलर बसलं. काका निवृत्त झाले होते, तरी गल्लीला ते वायरमनकाकाच.

कंपनीच्या माणसाने पॅनल लावले, तारांच्या तोंडांना टेप गुंडाळली आणि हात लावू नका असं बजावून तो जेवायला गेला. पण त्याने तिरका बसवलेला लोखंडी पाइप काकांच्या डोळ्यांत खुपत होता. "ओळंबा नावाची वस्तू बघितलीय का याने कधी," असं पुटपुटत ते वर गेले.

काकांची एक रीत होती. घरात विजेचं काम काढलं, की मेनचा फ्यूज उपसून काकूंच्या हातात द्यायचा आणि त्यांना जिन्याखाली स्टुलावर बसवायचं. आईंच्या मुठीत बाबांचा जीव आहे, असं सून हसून म्हणायची.

त्या दुपारीही काकू मूठ आवळून बसल्या. वर पाइप खडखडला, मग गप्प. काकूंनी हाक मारली. उत्तर नाही. काका गप्प राहणारा माणूस नव्हे. मूठ उघडून पाहिली, तर फ्यूज तिथेच. मग भ्यायचं कशाला, असं स्वतःला सांगत त्या जिना चढल्या.

काकांचा एक हात पाइपाला चिकटला होता, दुसऱ्यात बाजूला करायला धरलेल्या तारेचं, टेप निघालेलं उघडं टोक. दातखीळ बसलेली, डोळे मात्र जागे. काकू धावल्या तसे ते दातांतून बोलले, "शिवू नकोस. ऊन झाक."

यांना भ्रम झाला, असंच काकूंना वाटलं. मग नजर उन्हात तळपणाऱ्या पॅनलवर गेली. वीज खालून येतच नव्हती.

कठड्यावर ऊन दाखवायला टाकलेल्या रजया त्यांनी ओढल्या आणि एकेका पॅनलवर फेकल्या. शेवटचा पॅनल झाकला, तेव्हा काका पोत्यासारखे कोसळले. श्वास चालू होता.

पाइपाच्या धारेवर दुसरी तार सोलली जाऊन पाइपातही वीज उतरली होती, हे कंपनीच्या माणसाने नंतर दाखवलं. तो पुढे ठेकेदार झाला. पॅनल झाकल्याशिवाय कुणाला तारेला हात लावू देत नाही. सून नोकरीसाठी परगावी गेली. काकांची दोन बोटं वाकडीच राहिली. काही वर्षांनी ते झोपेत शांतपणे गेले. काकू अजून आहेत. आभाळ भरून आलं की निवांत पडतात. लख्ख ऊन पडलं, की उठून गच्चीचं दार लावून घेतात.